चिंचाळवाडीच्या सुखी बायका

समाजशास्त्राला सुख तसं परवडत नाही. दुःख असलं की प्रबंध होतो, अन्याय असला की अनुदान मिळतं, आणि सगळं ठीकठाक असलं की प्राध्यापकानं करायचं काय, हा प्रश्न पडतो. पण आपल्या हयातीत एक तरी सुखी गाव आपल्याला सापडावं, अशी वर्षाराणी बिराजदारची मनापासून इच्छा होती. नांदेडच्या एका कॉलेजात ती ‘तंत्रज्ञान, समाज आणि लिंगभाव’ हा विषय शिकवायची. पोरं त्याला ‘मोबाइलचा पेपर’ म्हणायची आणि त्या तासाला मोबाइलच बघत बसायची.

तर वर्षाराणीला ते सुखी गाव सापडलं. नायगाव तालुक्यातलं चिंचाळवाडी. संक्रांतीला तिथल्या बचत गटाच्या हळदीकुंकवाला ती मुद्दाम गेली, वाण म्हणून सगळ्यांना स्टीलची वाटी दिली आणि ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे अशा बायकांकडून नंबर मागून घेतले. मग दर रविवारी ती प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर एक प्रश्न पाठवू लागली. जिनं तिनं आपलं उत्तर गुपचूप द्यायचं, शेजारणीला कळायचं कारण नाही. नांदेडात पंख्याखाली बसून गावाचा अभ्यास करायचा, याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. विद्यापीठात त्यालाच ‘डिजिटल पद्धती’ म्हणतात.

उत्तरं मात्र अशी आली की वर्षाराणीनं तोंडात बोटं घातली.

‘दुपारी विश्रांती मिळते का?’ तिनं विचारलं. ‘हाव. रोज. जेवन झालं की पडते तासभर,’ असं उत्तर आलं. ‘सकाळचा चहा कोण करतं?’ ‘मालक करतात. मला उठवत पन न्हाईत.’ ‘साडी कुणाच्या पसंतीची?’ ‘माझ्या. मालक म्हनतात, तुला आवडंल ते घे.’ ‘नवरा कधी हात उगारतो का?’ यावर तर एकीनं लिहिलं होतं, ‘छे छे. देवमानूस हाय. असा नवरा सात जल्मी मिळावा.’

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईच्या हातात फोन आला, फोनमुळे तिला आवाज मिळाला, आवाजामुळे घर बदललं, अशी सरळसोट मांडणी करून तिनं पेपर लिहिला आणि लातूरच्या राज्यस्तरीय परिषदेला धाडून दिला. परिषदेचे अध्यक्ष होते गुरुबसप्पा सर. तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक. कौतुकाच्या बाबतीत अतिशय काटकसरी माणूस. त्यांनी स्वतः फोन केला.

“वर्षाराणी, हा पेपर उद्घाटनाच्या सत्रात वाचायचा,” ते म्हणाले.

ज्यांनी परिषदा पाहिल्या नाहीत त्यांना या वाक्याचं मोल कळायचं नाही. आजवर प्रत्येक परिषदेत वर्षाराणीचा पेपर जेवणानंतर असायचा. जिलेबी आणि मठ्ठा झाल्यावर सभागृहात जे काही लोक उरतात ते झोपायला उरतात. इतक्या वर्षांत तिचं एकही निरीक्षण जागेपणी कुणी ऐकलं नव्हतं. उद्घाटनाच्या सत्रात कुलगुरू असतात, पत्रकार असतात, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांच्या पोटात भूक असते, त्यामुळे लोक जागे असतात. वर्षाराणीनं त्याच संध्याकाळी इरकलीला फॉल लावायला टाकला.

स्टाफरूममध्ये तिच्या शेजारी बसणारी जेबा संख्याशास्त्र शिकवायची. नांदेडच्या इतवारा भागात वाढलेली, तोंडानं फटकळ, आणि आकड्यांपुढे बापाचाही मुलाहिजा न ठेवणारी. वर्षाराणीनं मोठ्या हौसेनं तिला ती उत्तरं दाखवली.

जेबानं फोनवर बोट फिरवलं आणि ती थांबली. “वर्षा मॅडम, ये क्या है? आठ माणसांच्या भाकऱ्या दहा मिनिटांत?”

“सराव असतो गं त्यांना.”

“आणि हे बघा. ज्या रविवारी मॅच, त्या रविवारी एक पण जवाब नाही.”

“मग? बायकांनी क्रिकेट बघू नये का? हा तुझा पूर्वग्रह आहे, जेबा.”

“बघावं की. पण सगळ्या गावातल्या बायका? आणि सगळ्यांचेच शौहर फरिश्ते? आमच्या मोहल्ल्यात एक पाठवा मॅडम, आम्ही तिकीट काढून बघतो.” जेबानं फोन परत दिला. “एकदा जाऊन तरी या.”

वर्षाराणीला राग आला. पण संशय म्हणजे दातात अडकलेलं सुपारीचं खांड, जीभ सारखी तिकडंच जाते. परिषद दहा-बारा दिवसांवर आली होती. पेपरात टाकायला हसऱ्या बायकांचे चार फोटो हवेतच, असं स्वतःला सांगून ती नायगावच्या गाडीत बसली आणि पुढं जीपनं चिंचाळवाडीत उतरली. वेळ मुद्दाम दुपारची धरली होती. सगळं गाव आडवं झालेलं असेल, अंगणं सामसूम असतील, त्याचाही एक फोटो घ्यावा, असा विचार होता.

आडवं कुणीच झालं नव्हतं. म्हणजे पारावर पुरुषमंडळी झाली होती. बायका शांतम्माच्या अंगणात साड्यांचं छत करून कुरडया घालत होत्या. शांतम्मा ही बचत गटाची अध्यक्ष. देगलूरकडची लेक, बांधा भक्कम आणि आवाज त्याहून भक्कम.

“विश्रांतीच्या वेळेला आले, तुम्हाला त्रास दिला,” वर्षाराणी म्हणाली.

“कुनाच्या विश्रांतीच्या?” शांतम्मानं सोऱ्या दाबता दाबता विचारलं.

“तुमच्या. तुम्ही सगळ्या जेवणानंतर तासभर पडता ना? रविवारच्या प्रश्नाला तसं कळवलं होतं तुम्ही.”

सोऱ्या थांबला. “कसला प्रश्न वो म्याडम?”

वर्षाराणीनं फोन काढला, शांतम्माचं नाव आणि त्यापुढचा नंबर दाखवला. “हा नंबर तुम्हीच दिला होता ना, हळदीकुंकवाला?”

“दिला की. मालकाचा हाय.”

“अहो, मी तुमचा मागितला होता!”

“तुमी नंबर मागितला, आमी नंबर दिला,” शांतम्मा म्हणाली. तिला यात काही चुकल्यासारखं वाटेना. “राशनला त्योच, ब्यांकेत त्योच, ग्यासला त्योच, पोरांच्या शाळेत त्योच. इचारला की त्योच द्यायचा असतो. बाईमानसाचा नंबर असा कुनाच्या बी हाती देतात का कुठं?”

“म्हणजे तुमच्याकडे फोनच नाहीत?”

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकीनं कमरेच्या पिशवीतून, एकीनं शेवयांच्या डब्यामागून, एकीनं चक्क पिठाच्या परातीखालून फोन काढला. काच तडकलेले, मुलानं टाकून दिलेले, पण चालू.

“हाईत की,” शांतम्मा म्हणाली. “पन ह्यो नंबर निस्ता माहेरला ठावं हाय.”

वर्षाराणी बाजेवर बसली. पंधरा वर्षं ती लिंगभाव शिकवत होती, आणि हे तिच्या ध्यानात येऊ नये? तिला आठवलं, तिच्याही घरचा गॅस सुदर्शनच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नंबरवर आहे. सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्याला थांबवून ती नवऱ्याला फोन करते आणि तो मीटिंगमधून कुजबुजत तिला चार आकडे सांगतो. हे तिनं तिथं कुणाला सांगितलं नाही.

प्रकार एव्हाना उघड झाला होता. रविवारी प्रश्न यायचा तो मालकांच्या फोनवर. कॉलेजचं नाव बघून मालकांना वाटायचं की ही कसली तरी योजना असावी, चांगलं लिहिलं तर काही पदरात पडेल. मग बायकोला कशाला विचारायचं? ती कामात असते. तिच्या नावानं आपणच लिहून टाकावं. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपण एकट्यानंच केलं.

“काय लिवलंय ते वाचा तरी,” एकजण म्हणाली.

इथं वर्षाराणी अडली. उत्तर ज्यानं दिलं त्याच्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, असा संशोधनाचा नियम. पण उत्तर दिलं कुणी? नाव बायकोचं, बोटं नवऱ्याची. नियम लिहिणाऱ्यांनी चिंचाळवाडी पाहिली नव्हती. शेवटी तिनं ठरवलं की नाव जिचं तिला तिचं वाचून दाखवावं, आणि ते हळू आवाजात.

हळू आवाज पहिल्या उत्तरापुरताच टिकला. “‘सकाळचा चहा मालक करतात, मला उठवत पन न्हाईत,’” एवढं ऐकलं आणि शांतम्मानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बया बया! अवो, ह्या वीरण्णाच्या बापाला लगीन झाल्यापासून चुलीचं तोंड पूर्वेला हाय का पश्चिमेला ते ठावं न्हाई!” दुसरीनं आपलं ‘देवमानूस’ ऐकलं आणि हसता हसता तिच्या हातातला चीक परातीत सांडला. तिसरी म्हणाली, “साडी माझ्या पसंतीची? मग त्यो पोपटी रंग कुनी आनला?” कुणाचं पोट दुखू लागलं, कुणाला ठसका लागला. नवऱ्यांनी रंगवलेला आपला संसार ऐकून अंगण खिदळत होतं आणि वर्षाराणीला मात्र रडू येत होतं. तिचं उद्घाटनाचं सत्र त्या परातीत सांडून चाललं होतं.

चतुराबाई सगळ्यात मागं बसली होती. बोलायला कमी, कामाला वाघ. तिचा नवरा शेषेराव म्हणजे गावातला सगळ्यात अबोल माणूस. वर्षाराणीनं तिचं एक उत्तर वाचलं. प्रश्न होता, ‘मनातली कुणालाच न सांगितलेली एखादी गोष्ट?’ बाकीच्या मालकांनी ‘काही न्हाई, समदं हाय’ असं लिहून काम उरकलं होतं. शेषेरावानं चतुराबाईच्या नावानं लिहिलं होतं, ‘येकटीनं माहेरला जावं वाटतं. एस्टीत खिडकीशी बसून. सोबत कुनी नको.’

चतुराबाईचं हसू मावळलं. “म्याडम, परत वाचा.”

वर्षाराणीनं परत वाचलं.

“हे म्या कुनालाच बोलले न्हवते,” चतुराबाई म्हणाली. “ह्यांला कसं कळलं?”

चतुराबाईनं पदरानं डोळे टिपले आणि ती पुन्हा चीक घाटायला लागली, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

“मी पेपर मागं घेते,” वर्षाराणी उठून म्हणाली. “सगळं खोटं आहे.”

“बसा खाली!” शांतम्मा कडाडली. “मागं कशाला घेता? लिवलंय ना त्यांनीच? मंग करून बी दाखवू द्या की. आमी आज घरी सांगतो, म्याडम येऊन गेल्या, लातूरला समदं वाचनार हाईत, आन कवाबी परत तपासाय येनार हाईत.”

“पण ते म्हणतील, आम्ही नाही लिहिलं.”

“म्हनू दे की. चार मानसांत म्हनावं लागंल, म्या बायकू बनून उत्तरं दिली म्हनून. हाय का कुनाची छाती?”

कुणाचीच नव्हती. त्या दिवसापासून चिंचाळवाडीच्या पुरुषांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. बायकांनी फक्त माहेरला ठाऊक असलेले आपापले नंबर वर्षाराणीला दिले होते, जपून ठेवायच्या बोलीवर. त्यामुळे नांदेडला तिला रोज खबर लागायची, तीही बायकांच्या स्वतःच्या आवाजात. शांतम्माच्या मालकानं पहिल्या दिवशी चहात साखरेच्या जागी मीठ टाकलं आणि बायकोनं ‘लई गोड झालाय’ म्हणून तोच त्याला पाजला. दुपारी बायका खरोखर आडव्या होऊ लागल्या. झोप येईना ते वेगळं. सवय नव्हती, तर डोळे मिटून गप्पा मारायच्या. पोपटी साडीवाली नायगावला जाऊन स्वतःच्या पसंतीची साडी घेऊन आली. ती योगायोगानं पोपटीच निघाली, पण तो तिचा प्रश्न. पारावर पुरुष एकमेकांकडं बघेनासे झाले. खाई त्याला खवखवे, आणि खाल्लं तर सगळ्यांनीच होतं.

“मग झालं की काम,” जेबा स्टाफरूममध्ये म्हणाली. “आता तर सगळं सच्ची मुच्ची खरं झालं. वाचा पेपर, एक शब्द झूट नाही.”

हीच तर गोम होती. वर्षाराणीनं दोन दिवस याच विचारात काढले. पेपरातलं प्रत्येक वाक्य आज खरं होतं. चहा मालकच करत होते. गुरुबसप्पा सरांना काही सांगायची गरज नव्हती. इरकल फॉल लागून आली होती. एकदा, फक्त एकदा, लोक जागे असताना बोलावं, यात पाप ते काय? तिनं आरशासमोर पेपर वाचूनही पाहिला. छान वाटला.

निघायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर चतुराबाईच्या आवाजातला निरोप आला. एरवी ती काही पाठवत नसे. “म्याडम,” ती म्हणत होती, “एक इनंती हाय. तपासाय लवकर येऊ नका. तुमी येऊन गेल्या का हे समदं थांबंल. तवा जमंल तितकं लांबवा. आन म्या उद्या माहेरला चालले. येकटीच.”

वर्षाराणीनं तो आवाज परत परत ऐकला. तपासनीस येईपर्यंत टिकणारं सुख ती उद्घाटनाच्या सत्रात शोध म्हणून मांडणार होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि पाठोपाठ गुरुबसप्पा सरांची भीती वाटली. दोन्ही घेऊन ती पहाटे लातूरच्या गाडीत बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तरी तिचं ठरेना. चाकूरला गाडी चहाला थांबली. तिथं तिनं बॅगेतून पेपर काढला आणि पहिल्या पानावरचं त्याचं शीर्षक खोडलं.

परिषदेत कुलगुरू होते, पत्रकार होते, सभागृह जागं होतं. वर्षाराणी उभी राहिली आणि म्हणाली, “मी बायकांना प्रश्न विचारले आणि त्यांच्या नवऱ्यांनी उत्तरं दिली. हे मला कळायला चार महिने लागले.” मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. तिनं चहातलं मीठ सांगितलं, परातीखालचा फोन सांगितला, माहेरपुरत्या नंबरांची गोष्ट सांगितली. तपासाय लवकर येऊ नका, हेही सांगितलं, आणि तिथं मात्र कुणी हसलं नाही. परभणीचे एक प्राध्यापक उठून म्हणाले की नंबर कुणाचा हे न तपासणं ही बाळबोध चूक आहे. वर्षाराणी म्हणाली, “हो, आहे.” आता ‘हो’ म्हटल्यावर पुढं बोलायचं काय, हे न सुचून ते खाली बसले.

गुरुबसप्पा सर जेवणाच्या रांगेत तिच्या पुढंच होते. ताटात जिलेबी पडल्यावर म्हणाले, “पेपर खरा होता. पण उद्घाटनाचा नव्हता. मला आधी सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी जेवणानंतर ठेवू.”

“चालेल सर,” वर्षाराणी म्हणाली. तिला वाईट वाटलं. नाही वाटलं असं कोण म्हणेल? ती मठ्ठ्याचा पेला घेऊन बाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली.

फोन वाजला. चतुराबाईच्या नावाखाली साठवलेला पहिला नंबर, म्हणजे शेषेरावाचा. रविवार नव्हता, तिनं काही विचारलंही नव्हतं.

‘म्याडम म्या शेषेराव बोलतो,’ त्यानं लिहिलं होतं. ‘आजवर लिवलं ते बायकूच्या नावानं लिवलं, माफी करा. ती सकाळच्या गाडीनं किल्लारीला गेली. येकटीच. म्याच स्टँडवर सोडली आन खिडकीशी बसवली. आता घर खायला उठलंय. चा केला तर दोन कप झाला. तुमी समदं बायकांला इचारता. आमचं कुटं लिवायचं?’

वर्षाराणीनं पेला कट्ट्यावर ठेवला. तिच्या प्रश्नावलीत याला जागा नव्हती. तिच्या पंधरा वर्षांच्या शिकवण्यातही फारशी नव्हती. आत दुपारचं सत्र सुरू झाल्याची घंटा झाली आणि लोक झोपायला आत निघाले. ती तिथंच थांबली. तिनं शेषेरावाचा नंबर आधी शेषेरावाच्या नावानं साठवला आणि मग उत्तर लिहिलं.

‘इथंच लिहा.’

समोरून टायपिंग सुरू झालं, आणि ते बराच वेळ चालू राहिलं.